डाव्या बाजूचा बड

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
उठताना खोली एकदा गर्रकन फिरली. पित्त. काल वांग्याची भाजी जास्त झाली.

साखऱ्याच्या दवाखान्यात निघताना इअरबड लावले. डावा बंद. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता. करुणानं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेले, तेव्हा टाकून देण्याचा प्रश्नच नाही. डाव्या बाजूचा सुटा पार्ट मिळवायचा. चार दिवसांचं काम.

४ नोव्हेंबर
बड साफ केला. डबीत ठेवून रीसेट केला. फोनमधून काढून परत जोडला. उपयोग नाही. निदान पक्कं: स्पीकर गेला. वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीत, लक्षणावरून रोग ओळखायची सवय आहे.

घरामागच्या विजेच्या डीपीचा घूं आवाज वाढलाय. लाइनमनला सांगणे.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी सेनगावात बाबूसिंगच्या मोबाइल दुकानात. त्यानं डावा बड स्वतःच्या कानात घातला, अर्धं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि बराबर वाजतो म्हणाला. त्याच्याकडे पार्ट नाही, हे कबूल करायला त्याला कमीपणा वाटतो.

९ नोव्हेंबर, रविवार
ऑनलाइन शोध. सुटा डावा बड मिळतो, पण त्याच मॉडेलचा, त्याच व्हर्जनचा हवा. नंबर बडच्या दांडीवर इतका बारीक की करुणाच्या चष्म्यानं वाचला. ऑर्डर दिली.

लाइनमन आला होता. डीपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळपासून लाइटच नाही, तर डीपी घुमेल कशाला, असं विचारत होता. मला तर आत्ताही ऐकू येतोय. सरकारी माणसाला काम सांगितलं की असंच.

मी पण सरकारी माणूस. पण आमचं वेगळं.

१३ नोव्हेंबर
पार्सल आलं. नवा बड जुन्या डबीत बसतो, चार्ज होतो, उजव्याशी जुळत नाही. व्हर्जन चुकलं. परत पाठवणे.

करुणा म्हणते, एकदा कान दाखवून या. तिला कसं सांगायचं, की बिघाड यंत्राचा आहे? तरी शब्द दिला: पार्ट मिळाला की दुसऱ्याच दिवशी दाखवतो.

१५ नोव्हेंबर
नवी अडचण. स्टेथोस्कोपची डावी नळीही बंद. साखऱ्यात उकंडरावांच्या गाईचं पोट तपासत होतो, एकाच बाजूनं ऐकू येत होतं. कानात बसणारं रबरी बोंडूक बदललं. नळी फुंकून पाहिली, मोकळी आहे. हल्लीचं रबरच हलकं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
हिंगोलीला मीटिंग. नंतर बाजारात तीन दुकानं. तिसऱ्यात जुना सेट मिळाला, उजवा बड नसलेला. मॉडेल तेच, व्हर्जन तेच. दुकानदारानं समोर जोडून दिला. जुळला. फोनवर दोन्हींची बॅटरी दिसली. विजय.

कानात घातला. बंद.

दुकानदाराला बोललो. तो ऐकून घेत होता, मग हळूच हिंदीत म्हणाला की भाई, आपण फार मोठ्यानं बोलताय. मी मोठ्यानं बोलत नव्हतो.

१८ नोव्हेंबर
प्रयोग. डावा बड उलटा करून उजव्या कानात कोंबला. वाजला. स्वच्छ वाजला.

निष्कर्ष: उलटा धरला की कॉन्टॅक्ट लागतो. लूज कनेक्शन. बाबूसिंगला हे कळायला हवं होतं.

२० नोव्हेंबर
सकाळी फाट्यावर कापसाची ट्रॉली डावीकडून एकदम अंगावर. मोटारसायकल रस्त्याखाली घातली म्हणून वाचलो. आरसा फुटला, गुडघा सोलला. ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला. वडाच्या झाडापासून हॉर्न वाजवून राहिलो, म्हणाला. मागून येणाऱ्या दोन बायाही तेच म्हणाल्या.

बड कानात नव्हते. खिशात होते.

लोक हॉर्न दुरुस्त करत नाहीत, हीच खरी समस्या. घरी फक्त आरशाचं सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
उकंडरावांच्या गोठ्यात गाईला इंजेक्शन देत होतो. डावीकडच्या बैलानं दावं तोडलं. आशाबाई, म्हणजे उकंडरावांच्या मालकीण, ओरडल्या म्हणे. तीनदा. मला कळलं ते बरगडीत डोकं बसल्यावर. भिंत होती म्हणून शिंग भिंतीत गेलं. एक वीत इकडे असतं तर ही नोंद नसती.

उकंडरावांनी पाणी दिलं. बैलाला कोणी बोललं नाही, मलाही नाही. सगळे नुसते बघत होते.

निश्चय: गोठ्यात शिरण्याआधी सगळी दावी स्वतः तपासायची.

रात्रंदिवस तो डीपी. उशीत डोकं घातलं तरी थांबत नाही.

२७ नोव्हेंबर
करुणाला बरगडीचा डाग दिसला. सगळं सांगावं लागलं. ती उठली, दोन्ही बड आणले, आपल्या कानांत घातले आणि पूर्ण गाणं ऐकत बसली. मग उजवा काढून डाव्यावरच ऐकलं. मग जुना डावा लावून ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"दोन्ही डावे वाजतात," ती म्हणाली.

मी कानाच्या ठेवणीबद्दल सांगायला लागलो. कोणाला कोणता बड नीट बसतो, यावर बरंच असतं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग म्हणाली, "गाईनं चार आठवडे एका बाजूनं चावलं नसतं, तर तुम्ही मालकाला काय म्हणाला असता?"

मालकाला मी काय म्हणतो, ते तिला माहीत आहे: आधी का नाही आणलं? सोमवारची रजा टाकली. तिच्या समाधानासाठी.

१ डिसेंबर, सोमवार
हिंगोली, कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी बटण दाबत राहिलो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. काचेतून पाहिलं, तर बाई डायल फिरवतच होत्या.

कधीपासून, त्यांनी विचारलं. महिनाभर, मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

असं अचानक होतं, कारण कधी कधी कळतही नाही, म्हणाल्या. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत आलं तर औषधानं बरंच परत येऊ शकतं. आता औषध देते, पण आशा धरू नका. घूं आवाज कानातलाच आहे, तो राहील कदाचित. नांदेडला डोक्याचा स्कॅन करून घ्या. मोटारसायकल जपून.

एसटीत करुणानं माझा हात धरला होता.

घरी पोचलो तर उकंडरावांचा फोन. गाय पुन्हा चारा टाकून बसली. मी म्हणालो, उद्या येतो, पण गोठ्यात माझ्यासोबत उभे राहा. का, ते सांगणं भाग होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून काढलं: मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.



"म्हाईत हाय, साहेब," उकंडराव म्हणाले. "समद्या साखऱ्याला म्हाईत हाय. आमी तर पंधरा दिसापसून तुमच्या उजव्या अंगानंच बोलून राहिलो. तुमाला वाईट वाटंल म्हणून कोणी म्हणलं न्हाई."

बरं, म्हणालो. गाईला आज फक्त कोमट पाणी द्या, म्हणालो.