तुझ्यासाठी रडायची भाषा

प्रिय मम्मी,

परवा तुझं वर्षश्राद्ध. सटाण्याकडे, आपल्या गावी जायचंय. बॅग भरायला घेतली आणि हातच चालेना. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घेऊ.

थकले गं मी. कंपनीत दिवसभर उभं राहून पायांचा पिट्टा पडतो. त्यात काल सईच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मुलीशी घरी इंग्रजीतच बोलत जा." कोण बोलणार? मी? माझं इंग्रजी 'कम', 'सिट' आणि 'होमवर्क केला का' एवढ्यावरच संपतं!

तुझंही हेच होतं ना? गाव सोडून सातपूरला आलो तेव्हा शेजारणी तुझ्या अहिराणीला हसल्या, आणि तू घरातून अहिराणी हद्दपारच केलीस. "लोके हासतस, बेटा. इंग्रजी शिक." माय म्हटलं की रागवायचीस. मम्मी म्हण! मग उरलीस तू आणि तुझी ती मोडकी मराठी. आमच्याशी किती कमी बोलायचीस गं!

मावशीचा फोन आला की मात्र दार लावून घ्यायचीस. आतून काय ते हसणं, काय त्या गप्पा! मी बाहेर उभी राहून ऐकायची. मला फार हेवा वाटायचा मावशीचा. ती मम्मी आमच्या वाट्याला का नाही आली?

तू गेलीस आणि तुला गावी नेलं, त्या दिवशीचं सांगते. आपल्याकडे बायका गळ्यात पडून, गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडतात, तुला माहीत आहेच. मावशी माझ्या गळ्यात पडली आणि तुला हाका मारायला लागली, "बहीण, तुनी अंडेर दारमा उभी शे, ऊठ वं!" अंडेर म्हणजे लेक, एवढं मला कळलं. आता लेकीनं बोलायचं होतं. सगळ्या बायका थांबल्या. आणि मी काय म्हणाले असेन? "सॉरी मावशी." सॉरी! तू समोर होतीस आणि माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

बायका म्हणाल्या, शहरातली पोर, रडूसुद्धा येत नाही हिला. मला रडू येत होतं गं. शब्द येत नव्हते.

राग येतो कधीकधी तुझा. इंग्रजी आलं नाही ते नाहीच, घरचं होतं तेही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! पण तू तरी काय करणार होतीस? आम्हाला कुणी हसू नये, एवढंच तुला हवं होतं.

महिनाभर झाला, अहिराणी शिकायला मी रोज मावशीला फोन करते. दार उघडं ठेवून. सई शेजारी बसून खिदळते, चुकीचं का होईना, बोलते.

परवा मावशी गळ्यात पडेल तेव्हा मी गप्प राहणार नाही. चुकेल माझं. बायका हसल्या तर हसू देत. तू तेवढी हसू नकोस, आणि रागावूही नकोस. सगळ्यांसमोर मी तुला माय म्हणणार आहे.

तुनी अंडेर,
रेखा