दुपारी एकची पत्रं

३ जून, दुपारी १

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सूर परवाच्या पत्राचाच. डॉक्टरीणबाई इच्छामरणाचा अर्ज ठेवून गेल्या. नव्या कायद्याची परवानगी आहे, सक्ती कुणाचीच नाही, असं दोनदा म्हणाल्या. बाई भली आहे. पुढच्या शुक्रवारी मी सही करणार. हाडांतला कॅन्सर म्हणजे काही लिफ्ट नव्हे, की दोर बदलला आणि चालू. शून्यातून लिफ्टची कंपनी उभी केली, आता शटर कधी ओढायचं तेही मीच ठरवीन. रडू नकोस.

माया होतीच, ती माझ्यामागेही राहू दे.
तुझा कानसेन

६ जून

चि. कानसेनास अनेक आशीर्वाद.

रडले नाही. चष्मा लावून तुझी महिन्याभराची पत्रं टेबलावर मांडली. कामाच्या कागदावर वेळ घालायची तुझी जुनी खोड पत्रांतही आहे. सकाळी दहाच्या पाच पत्रांत तू शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांच्या नकला करतोस, माझ्या चहाला नावं ठेवतोस. दुपारी एकच्या तिन्हींत मरण मागतोस. एकही उलटं नाही.

मी रिटायर झाले तरी नर्सच आहे. गोळी कधी देतात आणि कळ कधी उठते, तेवढं कळव. दाराला कान लावून लिफ्टचा कुठला दोर झिजलाय ते सांगायचास, आता वॉर्ड ऐक. शुक्रवारी येतेच आहे. सही करायची तर सकाळी दहाला कर, मी पेन धरून उभी राहीन. एकला कागदाला हात लावू देणार नाही.

थोरलीचा एवढा हट्ट चालवून घे.
तुझी ताई

१० जून, सकाळी १०

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ऐकला. मॉर्फिन सकाळी आठला, मग थेट दुपारी दोनला. बाराला माझी कळ उठते. साडेबाराला मास्तर शब्दकोडं बाजूला ठेवतात. एकला सहाच्या सहा खाटा करकरतात, आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरीणबाईंची फेरी. औषध पुरतं चार तास, मिळतं सहा तासांनी. मधले दोन तास आम्ही सगळेच मरणाच्या बाजूचे.

सिस्टर म्हणाल्या, माणसं कमी आहेत, सगळीकडे असंच चालतं. मी म्हटलं, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर आतल्या माणसाला उडी मारायचा अर्ज देत नाहीत, आधी लिफ्ट हलवतात. डॉक्टरीणबाईंना सहा खाटांचा तक्ता दिला, कुणाची कळ कधी उठते त्या वेळेसकट. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, उद्यापासून औषध चार तासांनी.

हट्ट पुरवला, आता आणखी करू नकोस.
तुझा कानसेन

१७ जून, दुपारी १

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी आलीस, पेनही आणलंस, आणि मी सही केली नाही म्हणून विजयी चेहऱ्याने गेलीस. इतकी हुरळू नकोस. अर्ज फाडलेला नाही, खणात आहे. कधी काढला, तर तो मी काढीन, कळ नाही.

मास्तरांनी काल सही केली. सकाळी दहाला, शब्दकोडं पुरं सोडवून. म्हणाले, आता दुखत नाही, म्हणूनच नीट विचार करता आला. मी हुज्जत घातली नाही. त्यांच्या हातात हात दिला.

वरच्या मजल्यावर अजून सहा तासांचंच चालू आहे. तक्त्याची नक्कल काढून ठेवली आहे. उद्या चाकाच्या खुर्चीतून जातो.

बाकी, थर्मासमधला तुझा चहा पाणचट होता. हे कधी लिहितोय ती वेळ पत्राच्या डोक्यावर आहे, बघ.

असाच हट्ट करत राहा.
तुझा कानसेन