घरभर जंत आणि बाबांचा ताप

४ जानेवारी
पोटात गुपचूप राहिलेला जंत माणसाला फ्लूमध्ये तारतो की मारतो? मला माहीत नाही. आमच्या लॅबच्या मॅडमनाही माहीत नाही. काही शोधनिबंध तारतो म्हणतात, काही मारतो. माझा कौल 'तारतो'ला. जंत प्रतिकारशक्तीला जरा गप्प बसवतो, म्हणजे ती फुप्फुसात जाऊन धिंगाणा घालत नाही. फ्लूची साथ दाराशी आलीच आहे. अभ्यास घरापासूनच सुरू करणार. बाबा लगेच हो म्हणाले. घरात पदवीधर मी एकटी, मला नाही कोण म्हणणार?

५ जानेवारी
आई, बाबा, काका आणि धाकटा भाऊ, चौघांना नावं लिहून शौचाच्या नमुन्याच्या डब्या दिल्या. संमतीचं महत्त्व समजावलं. धाकटा ताटावरून उठला. आईने विचारलं, डबी परत मिळेल का, झाकण छान घट्ट आहे.

६ जानेवारी, सकाळ
चारही डब्या वेळेवर! अगदी सारख्या भरलेल्या. डोळ्यांत पाणी आलं. वैज्ञानिक दृष्टी रक्तातच असावी लागते.

८ जानेवारी
चौघांनाही जंत. जात एकच, प्रमाणही एकच. मॅडम म्हणाल्या, इतकं एकसारखं कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, आमच्या घरात एकोपा आहे. त्यांनी सगळ्यांना गोळ्या द्यायला सांगितलं. साथ सरली की देईन. आत्ताच दिल्या तर अभ्यास कशाचा करू? माझा नमुना स्वच्छ निघाला. म्हणजे तुलनेचा गट मी.

१२ जानेवारी
बाबांना ताप. ते लोखंडी कपाटं रंगवतात, छाती आधीच नाजूक. आई म्हणाली, दवाखान्यात ने. मी म्हटलं, जंत कामाला लागलाय, त्याला वेळ द्या. बाबा म्हणाले, पोरगी सांगतेय तर असेल तसं. काकांना साधी शिंकही नाही. हेच तर म्हणत होते मी!

१३ जानेवारी
बाबा जिन्यात दोनदा बसले. 'सौम्य' अशी नोंद केली. आई म्हणाली, हे सौम्य, तर जोराचं झाल्यावर माणूस उरतो का? आईला वर्गीकरण कळत नाही.

१४ जानेवारी
बाबांना बोलतानाही धाप. म्हणजे जंत मारतो. खरा संशोधक मत बदलायला कचरत नाही. पण तोच जंत काकांना तारतोय! केवढा शोध! उत्साहाने घरात समजावत होते, तेवढ्यात काका म्हणाले, अगं, तुझ्या बाबाला लाज वाटत होती, वहिनीला घाई होती, धाकट्याला किळस. माझ्याकडे काय, कधी कमी नसते. चारही डब्या मीच भरल्या. नावं वाचून भरल्या हां, गोंधळ नाही केला.

चौघांचा अभ्यास एकट्या काकांचा निघाला. आणि ते ठणठणीत आहेत.

त्याच दिवशी, दुपार
बाबांना टॅक्सीत घालून दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, सावरतील, पण इतका उशीर का केलात? बाबांनी मास्क उचलून सांगितलं, माझाच हट्ट, मीच येत नव्हतो. मी म्हटलं, नाही, हट्ट माझा होता, आणि जंतांसकट सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, शिक्षण किती झालंय तुमचं?

तेही सांगितलं.