अठ्ठावीस किलोंचा कांदा

अण्णा,

माझ्यावर पंधरा दिवसांपूर्वी घोर अन्याय झाला, आणि तो ऐकून घेईल असा माणूस मला आख्ख्या आयर्लंडमध्ये दिसत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. अन्याय करणारा एक स्टिकर आहे. पोस्टाच्या तिकिटाच्या दुप्पट आकाराचा, आमच्या नव्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराआड, पार खाली चिकटवलेला. तो वाचायला बावन्न वर्षांच्या बाईनं घरासमोरच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकायचे, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि गाल जवळजवळ टायरला लावायचा, अशी कंपनीची अपेक्षा आहे. शेजारीण कुत्रा घेऊन चालली होती. तिनं काळजीनं विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ग्रँड. इथे घराला आग लागली तरी ग्रँडच म्हणतात. माहितीपत्रकात मात्र तळहाताएवढ्या अक्षरांत छापलंय की ही गाडी साडेतीन टन ओढते. ओढते हो. पण पाठीवर किती घेते, ते स्टिकर कुजबुजत सांगतो: सगळं धरून बत्तीसशे सत्तर. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतात एक हजार चाळीस किलो. ओढायचं वेगळं आणि वाहायचं वेगळं, हे तुम्ही ट्रॅक्टरवाल्यांना घसा कोरडा करून सांगायचात ते मी भुईकाट्याच्या खिडकीत बसून हजारदा ऐकलंय. तरी गाडी घेताना मला साडेतीन टनच दिसले.

तुम्हाला गाडी दाखवायला हवी होती. निळी आहे. तिच्या हौद्यात एक आख्खी खोली उतरवून बसवता येते: पलंग, शेगडी, बेसिन, बाकड्याखाली कपाटं, टपावर खिडकी. आईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." मागे शिवाय छोटा ट्रेलर, त्यात नवऱ्याच्या दोन होड्या आणि सायकली. ट्रेलर मागून येत असला तरी त्याचं नाक गाडीच्या पाठीवर टेकलेलं असतं, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखं, आणि त्या नाकाचे पंचाहत्तर किलो त्याच एक हजार चाळिसात मोजायचे असतात. हे सगळं मी गेले पंधरा दिवस हॉस्पिटलात भेटेल त्याला समजावून सांगते आहे. परवा एका रुग्णाला भूल देता देता सांगत होते. तो लवकर झोपला.

निघालोय आईसाठी. ती आता ऐंशीला आली. शनिवारी परत जाईल, आणि या खेपेला तिनं स्पष्टच सांगितलंय की आता पुन्हा विमानात बसणार नाही, गुडघे नको म्हणतात. तिला अटलांटिक बघायचाय. नुसता बघायचा नाही, तर एक रात्र त्याच्या काठावर झोपायचंय. तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचात, कांद्याचा हंगाम संपला की तुला समुद्र दाखवतो. हंगाम संपायचा तेव्हा पावसाळा लागलेला असायचा. तिनं तुम्हाला कधी टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता.

तर मी यादी केली. तुमची मुलगी आहे. गाडीवरची खोली सहाशे चाळीस, माणसं चार, नाकाचे पंचाहत्तर, कपडे, गॅस, आईचं पीठ, आईचा बिडाचा तवा. बेरीज एक हजार तीस आली आणि मी स्वयंपाकघरात नाचले. माझी मुलगी म्हणाली, मॅम, इट्स ओन्ली अ ट्रक. मॅम म्हणजे इथे आई. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर देते ते इथल्या बसड्रायव्हरसारखं. काल निघताना खात्री करायला म्हणून गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवरच्या भुईकाट्यावर गेलो. आणि अण्णा, काटा बघून मी गाडी अलीकडेच थांबवली. तोच लोखंडी पत्रा, तीच कडेची फट, चाक चढलं की तोच धप्प आवाज. फक्त तुमच्या खिडकीत चहाचा ग्लास असायचा, इथे बाहेर लाल आकड्यांची पाटी आहे.

काट्यावरचा माणूस सत्तरीचा, टोपीवाला. गाडी काट्यावर, ट्रेलर काट्याबाहेर पण जोडलेला, आणि सगळी माणसं आत, असं त्यानं तुमच्याच आवाजात बजावलं. पाटीवर आकडा आला चौतीसशे दहा. एकशे चाळीस जास्त. त्यानं खिडकीशी येऊन शांतपणे विचारलं, पाणी मोजलंत? आम्ही एकमेकांकडे बघितलं. टाकीत ऐंशी लिटर पाणी होतं आणि चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाण्याला वजन असतं. पाणी म्हणजे काय सामान आहे? ते सोडून दिलं. पिठाची गोणी उतरली, तवा उतरला, इडलीपात्र उतरलं. नवरा म्हणाला, उरलेलं ट्रेलरच्या शेपटाला भरू, म्हणजे नाक हलकं होईल. टोपीवाल्यानं मान हलवली आणि हाताचा पंजा माशासारखा वळवून दाखवला: शेपूट जड झालं की ट्रेलर असा डुलतो आणि गाडीला घेऊन खड्ड्यात जातो.

मी गाडी फिरवून पुन्हा काट्यावर घेतली. बत्तीसशे साठ. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले, हॉर्न वाजला, नवऱ्याला मिठी मारली आणि आरशात बघितलं. मागच्या सीटवर मुलगी खाली मान घालून बसली होती. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. आई बाहेर खडीच्या ढिगाशेजारी उभी होती, पर्स दोन्ही हातांत धरून, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली.

मी उतरून तिच्याकडे गेले. गाडी वळवायला थांबले होते तेव्हा ती टोपीवाल्याच्या हाताला धरून उतरली होती, आणि नातीला खूण केली होती की बोलू नको. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "तू कशाला जीव काढू राहिली? आकडा बसला ना? तुम्ही जाऊन या. मी घरी टीव्ही बघते. माझं काय, चाळीस वर्षं काट्यावाल्याच्या घरात काढली, मला कळतं कोण उतरलं की काटा बसतो."

तेव्हा मला तो पेरू आठवला. मी दहा वर्षांची. ट्रॉलीवाल्यानं पेरूच्या बदल्यात मला कांद्याच्या ढिगावर आडवं झोपवलं होतं. भरलेली ट्रॉली मोजताना वर, रिकामी मोजताना खाली, म्हणजे माझं वजन कांदा म्हणून गेलं असतं. तुम्ही खिडकीतून बघितलंत, बाहेर आलात आणि सगळ्या बाजारासमोर विचारलंत, "बाई, तू कांदा आहेस का?" मारलं नाहीत. पोत्यांच्या काट्यावर उभं केलंत, अठ्ठावीस भरले, तेवढे ट्रॉलीतून वजा केलेत. मग विचारलंत, पेरू किती घेतलेस? आणि सांगितला तो परत द्यायला लावलात. पुढे सहा महिने मी त्या बाजारात कांदाच होते.

आता खाणीवर माझी आई माझ्यासाठी उलटी चोरी करून उभी होती, आणि आकडा का बसत नाही हे फक्त मला माहीत होतं. मी खोलीत चढले. बाकड्याखालचं कपाट उघडलं. मागे, चादरीखाली, माझं वीस किलोंचं कॉफीचं मशीन आणि ते चालवायची तीस किलोंची बॅटरी. यादीत दोन्ही नव्हती. समुद्राकाठी बसून मला चांगली कॉफी हवी होती, आणि सगळ्यांच्या कपड्यांवरून मी आठवडाभर जी भाषणं केली त्यानंतर ती यादीत घालायची हिंमत नव्हती. यादीत मी स्वतःचं वजनही चौसष्ट लावलंय. एकाहत्तर आहे. रोज माणसांना वजन विचारून त्यावर औषध मोजणारी बाई मी, आणि रोज मनात म्हणते, लोक किती खोटं बोलतात.

आधी मशीन खाली ठेवलं, मग दोन्ही हातांनी बॅटरी बाहेर आणली तेव्हा नवऱ्यानं पुढे होऊन ती धरली, तो शहाणा आहे. मुलगी म्हणाली, "ओह, मॅम." आई खडीवरून सावकाश चालत आली, बॅटरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुडघे विसरून इतकी हसली की टोपीवालासुद्धा हसायला लागला. "हा बघ," ती म्हणाली, "निघाला कांदा."

तिला मीच हात देऊन वर चढवलं. पाटीवर पुन्हा बत्तीसशे साठ आले, चौघं आत असताना. या वेळी हॉर्न आईनं वाजवला, मागून पुढे वाकून. उतरलेलं सामान टोपीवाल्याच्या शेडमध्ये ठेवलंय. मशीन खुशाल वापरा म्हटलं, तर म्हणाला, मी फक्त चहा घेतो.

आता दुपारचे तीन वाजलेत, दुसऱ्या दिवशीचे. मी या खोलीतल्या टेबलावर लिहिते आहे आणि टपावरच्या खिडकीतून मिठाचा वास येतो आहे. खाली वाळूवर आई चपला हातात घेऊन उभी आहे. लाट आली की दोन पावलं मागे येते आणि लाटेला काहीतरी सुनावते. आज रात्री इथेच झोपणार. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. चहाच्या डब्यात राहील, त्याचं वजन कुणाला कळणार नाही.

काल खाणीवरून निघण्याआधी मी खाली उतरले आणि टोपीवाल्याच्या खिडकीत एक सफरचंद ठेवून आले. पेरू इथे मिळत नाही. त्यानं विचारलं, हे कशाबद्दल? मी म्हटलं, काट्यावाल्याचं देणं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी एक सांगितला होता, अण्णा. दोन होते.