मिनानं आणलेला खोपा

२२ सप्टेंबर, सोमवार

तिसरीला आज प्राण्यांची घरं शिकवली. बीळ, वारूळ, ढोली, खोपा. फळ्यावरचा माझा खोपा पाहून पोरं हसली — दुधी भोपळाच दिसत होता! शेवटी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, उद्या प्रत्येकानं एकेक घर आणा. चित्र काढून आणा, एवढं सांगायचं मात्र राहिलं.

२३ सप्टेंबर

मिना खराच खोपा घेऊन आली. सुगरणीचा. आत तीन अंडी, एक फुटलेलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणाचं घर असं मोडून आणतात का? लाज नाही वाटत?" ती काहीतरी सांगायला लागली, तर म्हटलं, गप्प बस. बसली.

दुपारी विहिरीवरच्या बाभळीला तारेनं खोपा बांधला. हात ओरबाडले. मीच आणायला सांगितलं आणि मीच ओरडले! उद्या तिच्याशी बोलते.

२४ सप्टेंबर

मिना आली नाही.

२६ सप्टेंबर

आजही नाही. सुगरणही नाही. मधल्या सुट्टीत बाभळीखाली मान वर करून उभी राहिले. शेजारच्या खोप्यांवर नुसता कलकलाट, आमच्या खोप्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

२९ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर तांड्यावर गेले. मिनाचे आईबाप ऊसतोडीला जातात. ती मागं आजीजवळ राहते, शाळेसाठी. यंदा म्हणे तिनंच हट्ट धरलाय सोबत जायचा. आजीनं, रूपाबाईंनी, चहा दिला. म्हणाल्या, "लई समजावलं म्याडम. ऱ्हात न्हाई म्हणून राहिली. काहून, ते सांगत न्हाई."

मला माहीत होतं काहून. मिना दाराआड उभी. तिला म्हटलं, चुकलं माझं, मीच आणायला सांगितलं होतं ना. तिनं नुसती मान हलवली — नाही अशी. आता माफ करायला ती काही तयार नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला, आज टोळी निघाली. ट्रॅक्टर शाळेवरूनच गेला. ट्रॉलीत गाठोड्यांवर मिना. मी हात केला. ती बाभळीकडे बघत होती.

आता उन्हाळ्यापर्यंत फडावरची पाचटाची कोपी हेच तिचं घर. शाळा बुडाली ती बुडालीच. फार वाईट वाटतंय. जरा तोंड आवरलं असतं तर!

६ ऑक्टोबर

मिनाच्या शेजारी बसणारी यास्मीन आज वही दाखवायला आली आणि तिथंच घुटमळली. मग हळूच म्हणाली, "म्याडम, मिनानं न्हाई तोडला खोपा. वाऱ्यानं पडला व्हता वाटंवर. ती म्हणली, म्याडमला दिऊ, त्या परत बांधून देतेत."