होडीला कुंकू

२७ एप्रिल १९८५, संध्याकाळ
मास्तर पडले. एक्केचाळीस मतांनी. श्यामसुंदर मास्तरांसारखा सरळ माणूस पडला आणि तो नारळवाला नगरसेवक झाला. नारळ ही त्याची निशाणी. डोकं पण तसलंच, वरून केस आणि आत पाणी. आमची निशाणी होडी. वेसाव्याच्या कोळीवाड्यात होडी पडते? थू.
मला राग आलेला नाही. परात हातातून निसटली म्हणून वाजली. सून म्हणाली, तीनदा निसटली. कमळला दुसरं काम नाही.
आळीतला धर्मा मोजणीला मास्तरांच्या बाजूने आत बसला होता. दारात येऊन बाद, बाद असं काहीतरी सांगायला लागला. मी झाडू दाखवला. हरून आलास तो आलास, वर लेक्चर देतोस? गेला पळून.
मास्तरांनी शब्द दिला होता, निवडून आलो की पहिलं काम द्रौपदीबाईच्या, म्हणजे माझ्या, आळीत नळ. आता परत बंदरावरच्या नळाला जा, तिथल्या बायकांची बडबड ऐका, दोन हंडे घेऊन चढ चढा. कमळला सातवा महिना लागलाय.

२८ एप्रिल
झोप लागली नाही. उकाड्याने. फितुरी झाली आहे आणि आपल्याच आळीत झाली आहे.
मी काय कमी केलं? मतदानाच्या दिवशी सकाळपासून आळीच्या तोंडाशी उभी. शंभरच्या वर बायका मी एकटीने काढल्या. प्रत्येकीच्या बोटाला कुंकू लावलं. सुकं नाही, तेलात कालवलेलं, पक्कं राहावं म्हणून. सांगितलं, आत कागदावर होडी दिसेल, आधी होडीला कुंकू लावायचं, मग शिक्का. नवी होडी कुंकवाशिवाय कधी पाण्यात सोडली आपण? बायकांना एकदम पटलं. मास्तरांना विचारलं नाही. त्यांना भाषणातून वेळ नव्हता.
एकीलाच कुंकू नाही लावलं. मंजुळाला. शेजारीण. तीस वर्षं बाजारात माझ्या टोपलीला टोपली लावून बसते. तिचा नवरा समुद्रात गेला, कुंकू गेलं. तिला म्हटलं, तू बाजूने जा गो, नुसता शिक्का मार. तिचं तोंड एवढंसं झालं.
लिहिता लिहिता सापडली की! तोच राग काढला तिने. नारळावर मारला शिक्का. एकटीने एक्केचाळीस मतं कशी फिरवली तेवढं कळायचं आहे. कळेल.

१ मे
संकल्प. एक, रडत बसायचं नाही. पुढची निवडणूक आजपासून सुरू. दोन, मंजुळाशी बोलणं बंद. तीन, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर.
ओट्यावर सभा घेतली. सगळ्या आळीला निरोप होता. सहा जणी आल्या, त्यातल्या दोघी चहा पिऊन गेल्या. सुरुवात म्हणून चांगली आहे. मी बोलायला उभी राहिले तर म्हातारा आतून ओरडला, माझी बनियन कुठे आहे. पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि भिकाजीला बनियन सापडत नाही. असल्या माणसांना मतं द्यायला देतात.
मंजुळा पण आली होती. मी सगळ्यांना चहा दिला, तिच्यापुढून ट्रे परत नेला. ती म्हणाली, द्रौपदे, मी होडीवरच मारला शिक्का, एकविरा आईची शपथ. मी म्हटलं, शपथ तर सगळ्यांनीच घेतली होती, मग होडी बुडवली कोणी, देवमाशाने? ती उठून गेली. तिच्या वाटणीचा चहा मीच प्यायले. फुकट का घालवायचा.

४ मे
बाजारात जागा बदलली. फितुरणीशेजारी बसणार नाही. नवी जागा गटाराच्या कडेला आहे, पण ऐसपैस. गिऱ्हाईक कमी झालं असं कमळ म्हणते. गिऱ्हाईक कमी नाही झालं, निवडक झालं. सात बंगल्यातली ती ऑफिसवाली मृणालिनीबाई नाकाला रुमाल लावून आली, म्हणाली, मावशी, इथे का? मी म्हटलं, तत्त्वासाठी. तिने पापलेट मंजुळाकडून घेतलं.
गोळी विसरले.

८ मे
आज डोकं फिरलं. सकाळी उठून बघते तर दारात दोन हंडे भरलेले, वर ताटली झाकलेली. मी कमळला म्हटलं, शहाणी झालीस, पहाटेच जाऊन आलीस. ती ताटली सरळ करत राहिली. मग म्हणाली, मंजुळामावशी भरून देते. आठवडा झाला. मला वाकू नको म्हणते.
आठवडाभर मी फितुरीचं पाणी पीत होते!
दोन्ही हंडे उचलले आणि गटारात ओतले. आख्खी आळी बघत होती. बघू दे. मग मी स्वतः बंदरावरच्या नळाला गेले. तिथली एक भवानी म्हणाली, काय द्रौपदीबाई, होडीतून आणा ना पाणी. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही, डायरीवर गणपती आहे.
एक हंडा आणला. दुसरा चढावर सांडला. गुडघा. दुपारी भात कोरडा झाला, म्हातारा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

११ मे
मास्तरांच्या घरी गेले. म्हटलं, परत मोजणी मागा, मी मंजुळाला पकडून आणते. मास्तर म्हणाले, द्रौपदीबाई, जाऊ द्या. असं जाऊ द्या म्हणूनच पडतात ही माणसं.
धर्मा तिथेच जाळं शिवत बसला होता. मला बघून आधी झाडू आहे का ते बघितलं, मग म्हणाला, मावशे, तुला त्या दिवशी हेच सांगायचं होतं. म्हणे आमच्या आळीच्या बायकांची पेटी उघडली तर आतून लाल कागदच लाल कागद. मोजणीचा साहेब म्हणाला, हे काय, कोणाचं बोट कापलं? शिक्का प्रत्येक कागदावर होडीवरच, एकदम बरोबर. पण मतपत्रिकेवर दुसरी खूण चालत नाही, आणि घडी घातल्यावर तेच लाल नारळावर पण उठलेलं. बाद. बाद. बाद. गठ्ठा बांधला शंभराच्या वर. त्या पेटीतून होडीला स्वच्छ मत एकच निघालं.
मास्तर खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं.
धर्माला काय कळतं. सातवी नापास.

१२ मे
खात्री करून घ्यावी म्हणून प्रचाराच्या उरलेल्या पत्रकामागे होडी काढली, बाजूला नारळ काढला. होडीला कुंकू लावलं. घडी घातली. उघडली.
नारळाला कुंकू.
आडवी घडी घालून बघितली. नारळाला कुंकू. तेल कमी घेतलं. नारळाला कुंकू. पाच पत्रकं झाली. म्हातारा मागे उभा होता, म्हणाला, नारळ छान काढलास.
शंभर. एक्केचाळीस. चौथीपर्यंतचं गणित मला येतं.
आणि एक मत स्वच्छ.

२० मे
मंजुळाला सांगायला गेले. ती घरी नव्हती. म्हणजे आत होती, पण कामात असेल. उद्या.

२३ मे
आज तिचं डोकं दुखत असेल असं वाटलं, उन्हाळा आहे. परत आले. बाजारात जुन्या जागेवर बसले, गटाराचा वास वाढलाय म्हणून. तिने टोपली जराशी सरकवली. मृणालिनीबाईने माझ्याकडून सुरमई घेतली, मंजुळाने तराजू धरला.
दारात हंडे येत नाहीत. कमळ चढ चढते. मी मागून एक हंडा घेऊन जाते आणि सगळा वेळ शिव्या देते. कोणाला ते कमळने विचारलं नाही.

९ जून
आळीत नळ आला. नारळवाल्याने दिला!
त्याच्या माणसाने मोजणीचा कागद वाचून सांगितलं म्हणे की या आळीच्या बायकांत होडीला फक्त एक मत. बाकीची सगळी आपलीच असणार, असा त्याचा हिशेब. पुढे बाद मतांचा आकडा होता, तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत. पांढरे कपडे घालून आला, हात जोडून म्हणाला, या आळीच्या माता माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या, पहिला नळ मातांना. माता एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटलं आपण सोडून बाकी सगळ्या फितूर.
मग हसत म्हणाला, ते होडीचं एक मत कोणाचं होतं? त्या माउलीने हंडा घेऊन शेवटी उभं राहायचं हां. माणसं हसली.
मंजुळा म्हणाली, माझं. आणि हंडा उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.
माझा हंडा पहिला होता. आळीची सगळ्यात जुनी बाई म्हणून. नारळवाला माझ्यापुढे कुंकवाची वाटी धरून उभा, म्हणाला, आजी, नळाला तुमच्या हाताने कुंकू लावा.
ती वाटी बघून मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, माझ्या हाताला गुण नाही. ती शेवटी उभी आहे ना, तिला बोलवा. कोणीतरी कुजबुजलं, अगं ती विधवा. मी म्हटलं, म्हणूनच तिचं मत मोजलं गेलं.
नारळवाल्याला काही कळलं नाही. मंजुळा जागची हलली नाही. म्हणाली, मला नको तुझी वाटी, मला पाणी पाहिजे. बरोबर आहे. वाटी तशीच राहिली, कोणीतरी शेवटी नळ सोडला.
मी हंडा उचलला आणि तिच्या मागे नेऊन ठेवला. कमळला सावलीत बसवलं. मंजुळा न वळता म्हणाली, काय गो, तुझं पण मत होडीला होतं? मी म्हटलं, होतं. बाद झालं. सगळ्यांची बाद झाली, तेल कुंकू माझं होतं. तिने पायाने हंडा एक पाऊल पुढे सरकवला. मग म्हणाली, माझा चहा राहिलाय. मी म्हटलं, ये.
आमची पाळी येईपर्यंत पाणी गेलं. उद्या येईल म्हणे.
चहा बंदरावरच्या पाण्याचा केला. मंजुळा दोन कप प्यायली, एक त्या दिवशीचा.
नारळवाल्याला मी मत देणार नाही, नळ दिला तरी. मास्तरांना निरोप पाठवलाय, पाच वर्षांनी परत उभे राहा, आळी माझ्यावर सोडा. चूक कुठे झाली ते आता मला पक्कं कळलं आहे. पुढच्या वेळी कुंकू अजिबात नाही.
हळद लावू. हळद कोणाला दिसते?