एनॉकची दोन घरं

मी, एनिड मेरी वेकलम, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार सहा, फर्नेस लेन, विलेनहॉल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मर्जीनं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे, आणि माझा भाऊ क्लिफर्ड ते मानणार नाही म्हणून तो कागद सोबत टाचला आहे. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. विशेषतः १९९४ चं, कारण त्यात मी क्लिफर्डबद्दल चार बरे शब्द लिहिले होते.

१. राहतं घर, त्यातल्या सामानासह आणि गळक्या न्हाणीघरासह, क्लिफर्डची मुलगी जिलियन हिला द्यावं. अकरा वर्षं तिनं मला गाडीत घालून स्टॅफर्डच्या दप्तरखान्यात नेलं, बाहेर गाडीत बसून सँडविचं खाल्ली, आणि मेलेल्या माणसांमागे का लागलीस असं एकदाही विचारलं नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी.

२. अकरा वर्षांत जमवलेले वंशावळीचे कागद, तीन खोकी, गावच्या वाचनालयाला द्यावेत. त्यांत काय आहे ते इथं नोंदवते, म्हणजे पुढे कोणी भलतंच छापू नये.

सर्वांत जुना सापडला तो सॅम्युएल, सेजलीचा खिळे घडवणारा. १८१६ साली कोंबडी चोरल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. कोंबडी आपणहून माझ्यामागे आली, असं त्यानं न्यायाधीशांना सांगितल्याची नोंद आहे. त्याचा मुलगा जोसाया कुलपांच्या कामासाठी विलेनहॉलला आला आणि जन्मभर व्हाइसच्या लोखंडी पकडीवर वाकून उजव्या खांद्याला पोक काढून घेतलं. अशा पोकवाल्यांना पाठ टेकता यावी म्हणून इथल्या दारूच्या गुत्त्यांत बाकांमागच्या भिंतींना खळगे ठेवलेले असत. म्हणजे आमच्या घराण्याचं पहिलं स्मारक गुत्त्याच्या भिंतीत होतं. जोसायाचा मुलगा एबल. त्याची बायको केझाया हिनं नऊ बाळंतपणं काढली आणि प्रत्येक वेळी कळा सुरू होईपर्यंत किल्ल्यांना कानस मारली. शिरगणतीच्या कारकुनानं तिच्या धंद्याचा रकाना कोरा सोडला आहे. माझ्या प्रतीत तो मी पेनानं भरला आहे. वाचनालयानं खोडू नये.

एबलचा मुलगा एनॉक, म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याबद्दल चौथ्या कलमात.

३. क्लिफर्ड यानं एका जत्रेतल्या स्टॉलवरून पितळी ढाल विकत आणली आणि दाराशी लावली. तिच्यावर दोन सिंह आहेत आणि खाली लॅटिन वचन. आम्ही सरदाराचे वंशज आहोत, असं तो टपालवाल्यालासुद्धा सांगतो. वडिलांचं खिशातलं घड्याळ त्याला मिळेल, पण ढाल उतरवून त्याच खिळ्यावर सॅम्युएलच्या शिक्षेच्या नोंदीची चौकटीत बसवलेली नक्कल लावल्यावरच. लागली की नाही हे जिलियननं स्वतः जाऊन पाहावं.

४. आजोबा एनॉक यांची अवजारं, म्हणजे व्हाइस, एकवीस कानशी आणि त्यांच्या हातचं शेवटचं कुलूप, होरेस ब्रॅट, राहणार चॅपल रो, यास द्यावीत. कारण सविस्तर लिहिणं भाग आहे.

१९६२ साली होरेस मला मागणी घालायला आला. माझ्या वडिलांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मी कारण विचारलं. "त्यांची पायरी वेगळी, आपली वेगळी," एवढंच म्हणाले. तेव्हा आमचा संडास अंगणात होता आणि ब्रॅटांचाही. मी एकवीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर जगणारी, तरी मी त्यांचं ऐकलं. या कागदावर लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला लाज वाटते ती या एकीची. कोंबडीची नाही. पुढच्या वर्षी होरेसनं वेन्झबरीच्या ग्लेनिसशी लग्न केलं. बाई भली होती. २००८ मध्ये गेली.

२०१४ मध्ये मी १९११ च्या शिरगणतीचे कागद काढले. त्या वर्षी प्रत्येक कुटुंबप्रमुखानं आपला तक्ता स्वतः भरायचा होता. आजोबांनी 'कुलूपकार' हा शब्द चुकीचा लिहिला होता, तोही त्यांच्या खास पद्धतीनं, मधलं अक्षर गिळून. गंमत म्हणून मी शेजारच्या गल्ल्यांचे तक्ते चाळले. चॅपल रोवर लीया ब्रॅट नावाची अविवाहित बाई होती, पदरी दोन वर्षांचा आयझॅक. तिच्या तक्त्यावर आजोबांचंच हस्ताक्षर, धंद्याच्या रकान्यात तीच चूक; म्हणजे तो तक्ताही त्यांनीच भरला होता. आयझॅक म्हणजे होरेसचा बाप.

नुसत्या हस्ताक्षरावरून माणसाला नातेवाईक ठरवणं बरं नव्हे, म्हणून मी होरेसच्या घरी गेले आणि डीएनए तपासणीच्या नळीत थुंकशील का विचारलं. बावन्न वर्षांनी माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य. तो थुंकला, मीही थुंकले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं : आजोबा एक, आज्या दोन.

होरेसनं तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला. "म्हणजे तुझा बाप मला हाकलत होता, तेव्हा पुतण्याला हाकलत होता."

"हो."

"आणि त्याला ठाऊक होतं?"

ते मी क्लिफर्डला जाऊन विचारलं. त्यानं चहा ओतला, साखर ढवळली आणि सांगितलं, की १९७१ मध्ये वडिलांनी मरताना त्याला सगळं सांगितलं होतं आणि एनिडला कळू देऊ नको म्हणाले होते.

"त्रेचाळीस वर्षं, क्लिफर्ड?"

"विषय कधी निघाला नाही गं."

वकिलांना विचारलं. असल्या नात्यात लग्नाला कायद्याची आडकाठी आज नाही आणि तेव्हाही नव्हती. म्हणजे वडिलांनी जपलं ते मला नाही, एनॉकच्या नावाला. आणि एनॉकनं ते स्वतः कधीच जपलं नव्हतं.

तेव्हापासून होरेस दर रविवारी दुपारी जेवायला येतो. भाजलेलं मटण, वाटाणे, आणि माझ्या रश्शाबद्दल तक्रार. लग्नाचं विचारू नये. आम्हा दोघांत मिळून गुडघे चार, त्यातले दोन बदललेले.

५. मला जाळावं. प्रार्थना एकच, तीही छोटी. नंतर सर्वांना खारवलेलं डुक्कर आणि करडे वाटाणे वाढावेत. क्लिफर्डनं भाषण करू नये.

६. हे कलम आत्ता, सह्यांच्या वेळी, सर्वांसमोर जोडत आहे. साक्षीदार म्हणून शेजारच्या सुरिंदर कौर गिल आणि पलीकडच्या मेव्हिस पिट यांना बोलावलं होतं. मेव्हिस दंतवैद्याकडे अडकली. होरेस म्हणाला, मी सही करतो. मी त्याला सांगितलं, की ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष केली तर कायद्यानं त्याचा वाटा जातो. मेव्हिस उद्या येईल, थांबू या.

तो खुर्ची टेबलापाशी ओढून बसला. मग म्हणाला, "माझ्या बापाच्या जन्माच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे रेघ आहे, एनिड. वेकलमांच्या कागदावर ब्रॅटांचं नाव आजवर एकदाही लागलेलं नाही. अवजारं जिलियनला दे. मला पेन दे."

मी त्याला समजावलं. सुरिंदरनंही समजावलं. त्यानं ऐकलं नाही, आणि या वेळी मीही त्याला परत पाठवलं नाही. सबब चौथ्या कलमातली देणगी रद्द, अवजारं जिलियनला. बाकीचा मजकूर जसाच्या तसा राहावा.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली, आणि माझ्या व एकमेकांच्या देखत त्यांनी.

एनिड मेरी वेकलम

साक्षीदार :
१. होरेस ब्रॅट, निवृत्त ओतारी, चॅपल रो. मृत्युपत्र करणारीचा चुलतभाऊ.
२. सुरिंदर कौर गिल, परिचारिका, आठ, फर्नेस लेन. (पहिल्या साक्षीदारानं सही फार मोठी केल्यामुळे माझी समासात आहे.)

विलेनहॉल, मंगळवार, १२ मार्च २०१९